मॅडम, बल्ब डीम झाला!

चौथीच्या अभ्यासक्रमात डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा छोटा भाग, नाही. पण बंद पडलेला मोबाईल चार्जर फोडून पोरं वर्गात घेऊन आली आणि आतल्या काळ्या नळीवर बोट ठेवून 'हे काय?' विचारायला लागली, की पाठ्यपुस्तक बाजूला ठेवावं लागतं. तालुक्याच्या दुकानात '४००७' एवढंच म्हटलं की रुपया-दोन रुपयांना डायोड मिळतो. मूठभर घेऊन आले.

सामान साधंच. दोन पेन्सिल सेल, टॉर्चचा बल्ब, वायरचे तुकडे. डायोड जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांब, एका टोकाला चंदेरी पट्टा. पट्टा सेलच्या ऋण टोकाकडे ठेवला की बल्ब लागतो, फिरवला की लागत नाही. हे दाखवायचं आणि थांबायचं, एवढाच माझा बेत.

उलटसुलट करून झालं तसा मागच्या रांगेतला एक जण ओरडला, "हा तर आमच्या मोटरचा फुटवॉल!" विहिरीत पाइपाच्या तळाशी असतो तो. पाणी वर येऊ देतो, खाली पडू देत नाही. झडपेत खडा अडकला की मोटर पाणी सोडते, मग पुन्हा पाइप भरत बसा, हेही त्यानंच सगळ्यांना सांगितलं. मी गप्प बसून ऐकलं. माझ्यापेक्षा चांगलं सांगत होता.

तेवढ्यात पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, बल्ब डीम झाला. आधी जास्त होता."

खरंच होता. डायोड काढून दाखवला, उजेड वाढला. पुन्हा लावला, कमी झाला. आता सेल उतरलेत म्हणून वेळ मारून नेता आली नसती. सिलिकॉनचा डायोड सुलट दिशेनंही साधारण ०.७ व्होल्ट स्वतःकडे ठेवून घेतो, हे चौथीला कसं सांगायचं? फुटवॉलवाल्यानंच सोडवलं. "झडप उघडायला पण जोर लागतोच ना!"

मग मी दुसरा डायोड ओळीत जोडायला दिला. बल्बमधली तार नुसती लालसर राहिली. तिसरा जोडला आणि बल्ब विझला. हातांचा आडोसा करून सगळ्यांनी आत डोकावून पाहिलं. व्होल्ट मोजायला मल्टिमीटर लावला तर एकट्या डायोडवर ०.८ व्होल्टच्या आसपास आकडा. प्रवाह जास्त असला की तो जरा चढतोच. दोन सेलचे ३ व्होल्ट, प्रत्येक डायोड आपला हिस्सा काढून घेणार, बल्बला उरणार काय? वजाबाकी पोरांनी फळ्यावर न सांगता केली. एरवी दशांश म्हटलं की यांची तोंडं बघण्यासारखी होतात.

शेवटी प्रश्न आला, उलट बाजूनं खूप जोर लावला तर? म्हटलं, हा १००० व्होल्टपर्यंत अडवतो, आपल्या सेलनी काही होत नाही.

"घरच्या बोर्डात तर २३०च असतात, मॅडम."

बोर्डाला हात लावायचा नाही, हे तिथल्या तिथे सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतलं, आणि डायोड एकेक मोजून डबीत परत घेतले.