हात वर झाला नाही

आज काही झालं नाही खरं तर, लिहावं असं तर काहीच नाही. आईच्या गोळ्या आणायला मुंबईला गेले, मिळाल्या, दुपारची लाँच पकडून घारापुरीला परत आले. तरी रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि मी टाइप करत बसलेय, कारण दुपारी एकाने हात केला आणि मी केला नाही.

बस एवढंच.

नेव्हीची छोटी बोट होती, करडी, मिडल ग्राउंड बेटाच्या जरा अलीकडे. आधी आवाज आला. पूर्वीही आधी आवाजच येत असणार म्हणा, पण तेव्हा आपण ऐकत नव्हतो. लाँचमध्ये सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून, चार टुरिस्ट पक्ष्यांना कुरमुरे टाकतायत, आणि तो आवाज जवळ आला तसा एकेकाचा हात गुपचूप छातीवर गेला, म्हणजे लाइफ जॅकेटच्या बकलवर. कोणी काही बोललं नाही. माझ्या जॅकेटचं बकल तुटलेलं, त्याच्या जागी नायलॉनची दोरी बांधलेली आणि तिला अशी गाठ की वेळ आली तर दातानेच सोडवावी लागेल. ती गाठ मी मुठीत धरून बसले. त्या जॅकेटांना एक ओलसर वास येतो, उन्हात टाकली तरी जात नाही. बोट बऱ्यापैकी लांबून गेली, मागे एक पोरगा उभा होता, विशीचा असेल नसेल, त्याने हात वर केला. आमच्याकडे बघूनच केला. मी नुसती बघत राहिले.

आता यात एवढं काय? पण मला ते सुटतच नाहीये. लहानपणी आम्ही दिसेल त्याला हात करायचो. गेटवेवरून येताना डॉकयार्डच्या बाजूची सीट कोणाला यावरून मी आणि दादा मारामारी करायचो, जहाजांचे नंबर पाठ होते आम्हाला, डी 61 म्हणजे दिल्ली आणि डी 62 म्हणजे मुंबई, आणि डी 62 दिसली की दादा ‘आपली, आपली’ करून नाचायचा, जशी काय बाबांनी हप्त्यावर घेतलेली. 4 डिसेंबर जवळ आला की गेटवेवर हेलिकॉप्टरं घिरट्या घालायची, माणसं दोरावरून सरसर खाली यायची, आम्ही घसा बसेपर्यंत ओरडायचो. एवढ्या उंचावरून त्यांना काय दिसणार होतं! पण हात वर असायचा.

मग आज कुठे गेला?

भीती म्हणावी तर तशी भीती नव्हती. राग आला असेल म्हणावं तर कोणावर? 18 डिसेंबर 2024 ला नेव्हीची बोट इंजिनची ट्रायल घेता घेता आपल्या लाँचवर येऊन आदळली आणि 15 माणसं गेली, पण त्या 15 मध्ये त्या बोटीवरचेही होते, नेव्हीचाही होता. हे मला माहितीय. मीच लोकांना सांगत असते. त्या संध्याकाळी आम्ही सगळे जेट्टीवर उभे होतो. जाऊ दे ते.

आणि आजच्या पोराचा काय संबंध? तो तेव्हा शाळेत असेल कुठेतरी, हरियाणात नाहीतर केरळात. त्याला कोणीतरी या पाण्यात आणून सोडलंय, तसं आम्हालाही कोणी विचारून नाही सोडलं इथे. घारापुरी म्हटलं की लोकांना लेणी आठवतात. आम्हाला विचाराल तर समोर डॉकयार्ड, बाजूला जवाहर द्वीपाचं तेल, मागे न्हावाशेव्याचे कंटेनर, तिकडे करंजाला नेव्हीचा दारूगोळा, आणि या सगळ्याच्या मधोमध आमची तीन गावं. डोंगरावर इंग्रजांच्या दोन तोफा आहेत त्या वेगळ्याच, त्यांच्यावर बसून टुरिस्ट फोटो काढतात. 26/11 नंतर तर मच्छीमार म्हणजे किनाऱ्याचे डोळे आणि कान असं प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकवतात. डोळे झालो, कान झालो, तोंडाचं अजून कोणी नाव काढलेलं नाही.

सागर कवच, म्हणजे किनाऱ्याच्या सुरक्षेची सरकारी कवायत, तेव्हा तर गंमतच असते. रेड टीम म्हणजे खोटे अतिरेकी, ते समुद्रातून घुसायला बघणार आणि ब्लू टीमने त्यांना पकडायचं. ते कधी सापडतात देव जाणे, आमचा पम्या मात्र मागच्या वेळी एका दिवसात तीनदा सापडला. तिन्ही वेळा कार्ड दाखवलं. तिसऱ्या वेळी कार्ड बघणारा तोच, जो सकाळी पम्याच्याच बोटीत बसून चहा प्यायला होता. आणि 2025 मध्ये 7 मे च्या नागरी संरक्षणाच्या मॉक ड्रिलची यादी आली तेव्हा मुंबई आणि तारापूरच्या जोडीला पहिल्या वर्गात आपलं उरण. ब्लॅकआउट करायचा म्हणे! आई म्हणाली, त्यात काय शिकवायचं, 2018 पर्यंत दुसरं काय करत होतो आपण? खरंच आहे, समुद्राखालून केबल येईपर्यंत संध्याकाळी तीन तास जनरेटर, तो बंद झाला की अख्ख्या बेटाचा ब्लॅकआउट आणि समोर मुंबई लखलखतेय. आम्हालाच बोलवायला हवं होतं ट्रेनिंग द्यायला.

विषय भरकटला. हात. तो पोरगा हात खाली घेऊन मग वळला असेल ना, आणि त्याला वाटलं असेल की ही बेटावरची माणसं अशीच, तोंड पाडून बघणारी. हे मला लागलंय. म्हणजे आपण पण आता त्यातलेच झालो का, ज्यांना गणवेश दिसला की

थांबा. इथे एक घोळ झालाय.

वरचं वाक्य अर्धं ठेवून बाहेर गेले होते. आज सुकाणूवर दादाच होता, तो ओट्यावर पडला होता अजून जागा, म्हणून त्यालाच विचारलं, अरे त्या नेव्हीच्या पोराला तू तरी हात केलास का रे? दादा उठून बसला. “कसला हात? टाटा करत होता का तो येडे! बाजूला घ्या, बाजूला घ्या करत होता, मागून मोठं जहाज येत होतं. मी घेतली ना बाजूला. तू कुठं होतीस?”

मी तिथेच होते. पहिल्या बाकावर.

आठ तास. आठ तास मी एका ट्रॅफिक हवालदाराच्या हातवाऱ्यावर जीव टांगून बसले होते, जेवताना दोन घास कमी गेले, आईला वाटलं हिला मुंबईचं पाणी बाधलं. आणि ते मोठं जहाज? ते तर मी पाहिलंच नाही! एवढं धूड मागून गेलं आणि मला पत्ता नाही. दादा हसतोय अजून, वहिनीला उठवून सांगितलंन, आता उद्या जेट्टीवर सगळ्यांना कळणार. हसू मलाही आलं, पण आत कुठेतरी जरा फसवल्यासारखंही वाटतंय, एवढा मेहनतीने केलेला पश्चात्ताप फुकट गेला. आणि समजा खरंच टाटा असता तर? तरी हात वर झाला नसताच ना. ते आहेच.

आवाजाने बारका उठलाय आणि येऊन मांडीवर बसलाय. त्याला सध्या जहाजांचं वेड, अगदी बापावर गेलाय. डोळे चोळत विचारतोय, आत्या, नंबर काय होता जहाजाचा?

नाही बघितला रे, म्हटलं.

मग काय बघत होतीस?

जॅकेटची गाठ, म्हटलं.