वारीच्या वाटेवर फोनची बॅटरी: मोबाइल डेटा की वाय-फाय?

दिंडीच्या ट्रकवर विजेचा बोर्ड एकच असतो आणि जनरेटर चालतो तो मुक्कामी पोचल्यावर, संध्याकाळचे काही तास. राहुट्या लागतात, तळावर समाजआरती होते, पंगती उठतात, आणि तेवढ्या वेळात दिंडीतल्या सगळ्यांचे फोन त्या एका बोर्डाभोवती गोळा होतात. पहाटे अंधारात ट्रक पुढच्या मुक्कामाकडे निघून जातो. त्यानंतर फोनमध्ये जेवढी बॅटरी असेल तेवढ्यावरच रात्रीपर्यंत निभवायचे असते. आमच्या दिंडीतल्या बऱ्याच वयस्कर माउलींकडे स्वतःचा फोन नसतो आणि त्यांच्या घरच्यांकडे माझा नंबर दिलेला असतो. त्यामुळे नेटसाठी मोबाइल डेटा वापरावा की वाय-फाय, हा प्रश्न माझ्यासाठी त्या आजींच्या खुशालीशी जोडलेला आहे, आणि आळंदी ते पंढरपूर ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबत चालताना मी त्याचा फार बारकाईने विचार केला आहे.

पुण्याच्या मुक्कामात उत्तर सोपे असते. पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात उतरते आणि दिंड्या आसपासच्या शाळांत, वाड्यांत, भाविकांच्या घरी विसावतात. ज्या घरी आमची सोय होते तिथल्या काकू पाणी विचारण्याच्या आधी वाय-फायचा पासवर्ड सांगतात. राउटर त्याच खोलीत असतो, म्हणजे फोनला जवळच्या जवळ बोलायचे असते, आणि वाय-फायची प्रक्षेपणशक्ती फोनमध्ये साधारणपणे १०० मिलिवॉटच्या आतच राहते. मोबाइलचे नेटवर्क मात्र कधी शेकडो मीटर, कधी काही किलोमीटर दूरच्या टॉवरशी बोलते, आणि टॉवर लांब असेल तर फोर-जीचा फोन २०० मिलिवॉटपर्यंत जोर लावतो. ती शक्ती निर्माण करताना बॅटरीतून प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट ऊर्जा जाते. म्हणून पुण्यात मी डेटा बंद करते आणि पुढच्या वाटेचे नकाशे उतरवून घेणे, छायाचित्रे घरी पाठवणे, ॲप अद्ययावत करणे ही सगळी जड कामे वाय-फायवर आटोपून घेते.

खरा प्रश्न पुण्याबाहेर पडल्यावर सुरू होतो. पुणे ते सासवड हा वाटेतला सर्वांत लांबचा टप्पा, ३० किलोमीटरांच्या आसपासचा, आणि त्यातच दिवे घाटाची चढण. वडकी नाल्याच्या विसाव्यानंतर रस्ता डोंगराला भिडला की एकीकडे कडा, दुसरीकडे दरी, आणि त्या वळणांवर लाखो माणसे एकाच वेळी हातात फोन धरून असतात. अशा ठिकाणी दोन गोष्टी एकत्र घडतात. डोंगराच्या आडोशाने सिग्नल क्षीण होतो, म्हणून फोन जास्त जोराने प्रक्षेपण करतो. आणि टॉवरवर गर्दी झाल्यामुळे पाठवलेला मजकूर अडकतो, म्हणून फोन तोच मजकूर पुन्हा पुन्हा पाठवू पाहतो. वारकरी मात्र समजतो की आपण फोन वापरलेलाच नाही. खिशातला फोन गरम लागला, तर तो आतल्या आत टॉवरशी झगडत असण्याची शक्यता मोठी असते. घाट चढताना मी डेटा बंदच ठेवते. डेटा बंद केला तरी साधा फोन येत राहतो आणि निरोप हुकत नाही. एरोप्लेन मोड मी टाळते, कारण तो लावला तर आजींच्या घरच्यांचा फोनही येणार नाही.

मोबाइल डेटाचा आणखी एक स्वभाव चालताना फार जाणवतो. संदेश गेला, काम झाले, तरी फोनचा रेडिओ लगेच झोपत नाही. आणखी काही मजकूर येईल या तयारीने तो थोडा वेळ जागा राहतो, फोर-जीमध्ये साधारण दहा सेकंद. दिंडीतला स्वयंपाक उरकल्यावरही चूल काही काळ तापलेली राहते, तसेच हे. त्यामुळे दर दोन मिनिटांनी एखादा शब्द पाठवणाऱ्याची बॅटरी एकदम पाच छायाचित्रे पाठवणाऱ्यापेक्षा लवकर उतरू शकते. लाइव्ह लोकेशनही याच कारणाने महाग पडते. मुले घरी बसून आईचा ठिपका नकाशावर सरकताना पाहतात, त्यांची काळजी मला पूर्ण समजते. पण जीपीएस आणि डेटा दोन्ही दिवसभर जागे राहिले तर तोच ठिपका दुपारनंतर नाहीसा होतो आणि घरी काळजी दुप्पट होते. त्यापेक्षा प्रत्येक विसाव्याला डेटा चालू करावा, साठलेले निरोप एकदम घ्यावेत आणि द्यावेत, आणि पुन्हा बंद करावा. जेजुरीला पोचल्यावर एक आजी नेहमी म्हणतात, "माउली, माझ्या लेकाला तेवढं कळव, पोचले म्हणून." तो निरोप त्याच वेळी जातो.

वाल्ह्याच्या मुक्कामी आमच्या दिंडीतल्या एका तरुणाने विचारले, "ताई, मी तर वाय-फायच लावलंय, तरी बॅटरी का उतरतेय?" त्याची राहुटी रस्त्याकडेच्या एका घरापासून बरीच दूर होती आणि त्या घराच्या वाय-फायचे एक बारीकसे रेघोटे त्याच्या फोनवर दिसत होते. वाय-फाय नेहमीच स्वस्त असते हा समज इथेच चुकतो. सीमेवरचा सिग्नल असला की वेग घटतो, तुटलेला मजकूर पुन्हा मागवावा लागतो, आणि जोडणी सुटली की फोन मोबाइल डेटाकडे वळतो, पुन्हा वाय-फायकडे येतो. दोन्ही रेडिओ आळीपाळीने राबतात. उलट त्याच जागी फोर-जीचा सिग्नल भरलेला होता. तिथे वाय-फाय बंद करून डेटावर दहा मिनिटांत काम उरकणे हेच शहाणपणाचे होते, आणि मी त्याला तेच सांगितले. शिवाय वाय-फाय बंद दिसत असले तरी अँड्रॉइड फोनच्या लोकेशनमध्ये 'वाय-फाय स्कॅनिंग' हा वेगळा पर्याय चालू असू शकतो. तोही मी त्याला बंद करायला लावला. हा खर्च छोटा आहे, पण वाटेवरच्या प्रत्येक घराचे, दुकानाचे वाय-फाय शोधत जाण्यात काहीच अर्थ नाही.

फाइव्ह-जीबद्दलही माझे मत स्पष्ट आहे. शहराबाहेर जिथे फाइव्ह-जी येते-जाते, तिथे फोनला फोर-जीवरच बांधून ठेवावे. अनेक ठिकाणी फाइव्ह-जीची जोडणी फोर-जीच्या आधारावरच उभी असते, म्हणजे फोन दोन्ही रेडिओ सांभाळतो, आणि कीर्तनाचे चित्रीकरण पाठवायला फोर-जी पुरेसे आहे.

नीरा स्नानानंतर लोणंद येते आणि पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब. तिथल्या उभ्या रिंगणात अश्व धावताना पाहायचा असतो. तेव्हा फोनचा पडदा उन्हात पूर्ण उजेडावर जातो आणि कॅमेरा चालू राहतो. त्या काही मिनिटांत डेटा-वाय-फायचा हिशेब गौण ठरतो, कारण पडदा आणि कॅमेराच जास्त खातात. थोडेसे चित्रीकरण करून फोन ठेवावा आणि ते पाठवण्याचे काम मुक्कामी करावे, एवढेच मी सांगते.

फलटणपासून पुढे आम्ही एक वेगळी व्यवस्था केली. ज्याच्याकडे भरलेली पॉवर बँक आहे, अशा एकाच्या फोनवरून मुक्कामी ठरलेल्या वेळी हॉटस्पॉट सुरू करायचा आणि बाकीच्यांनी आपला डेटा बंद ठेवून त्यावर जोडून घ्यायचे. देणाऱ्याच्या फोनवर भार येतो, कारण त्याला टॉवर आणि वाय-फाय दोन्ही सांभाळावे लागतात, म्हणूनच पॉवर बँक हवी आणि पाळी बदलायला हवी. पण बाकी सगळ्यांचे फोन जवळच्या वाय-फायवर थोड्या ऊर्जेत काम उरकतात. एकमेकांचा भार वाटून घेणे दिंडीला नवीन नाही.

वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात आणि तिथे नेटवर्कची परीक्षा होते. फोनवर सिग्नलच्या सगळ्या रेघा दिसतात, डेटा मात्र पुढे सरकत नाही. टॉवर जवळ आहे, पण त्यावर गर्दी आहे. अशा वेळी साधा एसएमएस बहुतेकदा जातो, कारण तो इवलासा असतो आणि त्याला डेटाची जोडणी लागत नाही. चुकामूक झालेल्यांसाठी आम्ही वाखरीपासून पंढरपूरपर्यंत एसएमएस आणि साधा फोन एवढेच ठरवले आहे, आणि भेटण्याची जागा आधीच प्रत्येकाच्या वहीत लिहून दिलेली असते. एकादशीला दिवसभर डेटा बंद असतो. छायाचित्रे मी द्वादशीला मठाच्या वाय-फायवर पाठवते, तेही दुपारी, कारण सकाळी पारणे सोडून परतीला निघणारे सगळेच त्यावर असतात.