दशमीच्या चंद्राखाली हरिश्चंद्रगड: आकाशदर्शनाला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

डिसेंबरातल्या एका शनिवारी मी आणि माझी भाची हरिश्चंद्रगडावरच्या ‘आकाशगंगा दर्शन’ मोहिमेत सहभागी झालो. माणशी २,९०० रुपये मोजून जे पाहायला निघालो होतो, ते त्या रात्री त्या गडावरूनच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याच गडावरून दिसणार नव्हते, हे मात्र वर पोहोचल्यावर समजले. जाहिरातीत कोकणकड्यावर कमानीसारखी पसरलेली, मध्यभागी फुगीर आणि झगझगीत आकाशगंगा होती. छायाचित्र खरे असेलही, पण ते डिसेंबरातल्या रात्रीचे नव्हते.

यासाठी खगोलशास्त्र शिकावे लागत नाही, पंचांग वाचता आले तरी पुरते. आकाशगंगेचा तो फुगीर, ठळक भाग म्हणजे तिचा गाभा, आणि तो धनू राशीच्या दिशेला आहे. डिसेंबरच्या मध्यावर धनुर्मास लागतो, म्हणजे सूर्यच त्या दिशेला जातो आणि गाभा सूर्याबरोबर दिवसा उगवून दिवसाच मावळतो. तो पाहायचा असेल तर फेब्रुवारीअखेरीपासून पहाटे उठावे, एप्रिलमध्ये मध्यरात्रीनंतर जागावे, किंवा मेमध्ये रात्री दहानंतर बाहेर पडून उन्हाळी धुरकटपणाची तयारी ठेवावी. जूनपासून सह्याद्रीत ढगांचे राज्य असते. हिवाळ्यात मृग नक्षत्राजवळून जाणारा आकाशगंगेचा पट्टा दिसतो, पण तो फिकट असतो आणि चंद्र असला तर तोही दिसत नाही.

आणि चंद्र होता. ती मार्गशीर्ष शुद्ध दशमी होती. भिंतीवर ‘कालनिर्णय’ टांगलेले असताना पैसे भरण्याआधी मी त्याकडे पाहिले नाही, ही चूक माझी. ज्याने हा शनिवार निवडला त्याने सुट्टी पाहिली आणि तिथी पाहिली नाही, ही चूक त्याची. मार्गशीर्षातली पौर्णिमा मृगशीर्षापाशी होते, म्हणून तर महिन्याला ते नाव. तिच्या पाच दिवस आधी चंद्र मागे अश्विनीच्या आसपास असतो आणि पहाटे अडीचच्या सुमारास मावळतो. संध्याकाळपासून अडीचपर्यंत आकाश दुधात पाणी मिसळल्यासारखे होते. भाचीला देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी) पाहायची होती. तिथून निघालेला प्रकाश सुमारे पंचवीस लाख वर्षांनी आपल्या डोळ्यांत शिरतो, हे वाचून ती आली होती. चंद्र नेमका देवयानीच्या शेजारच्या आकाशात बसला होता, आणि तो मावळेपर्यंत तीही वायव्येकडच्या धुरकट थरात उतरली होती. नवख्यांनी वद्य अष्टमी ते शुद्ध चतुर्थी एवढ्याच रात्री धराव्यात. वद्य पक्षात चंद्र उशिरा उगवतो, त्यामुळे जेवणानंतर झोपायच्या वेळेपर्यंत अंधार मिळतो. शुद्ध अष्टमीनंतरची तारीख कोणी देत असेल तर त्याला चंद्रास्ताची वेळ विचारावी, आणि उत्तर आले नाही तर पैसे देऊ नयेत.

आता वाटेविषयी. आम्हाला ‘सोपी वाट’ असे सांगून खिरेश्वरमार्गे नेले. माळशेज घाटाच्या रस्त्यावर खुबी फाट्याला उतरून धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वर गाठायचे, तिथून तोलार खिंड, खिंडीतल्या व्याघ्रशिल्पापाशी दम घ्यायचा, आणि मग तो रेलिंगचा कातळटप्पा. चालण्याची सवय असलेल्याला ही वाट अवघड नाही. पण माझ्या पाठीवर द्विनेत्रीसाठी (बायनॉक्युलरसाठी) आणलेला तिपाया आडवा बांधलेला होता आणि तो दर चार पावलांनी रेलिंगमध्ये अडकत होता. एकदा मागून येणाऱ्याच्या कपाळावर तो आपटलाही, त्याबद्दल मी त्याची पुन्हा एकदा क्षमा मागते. कातळ संपला की गड आला असे वाटते, आणि तिथेच खरी फसगत सुरू होते. पुढे एकामागून एक टेकाडे येतात, चढावे आणि उतरावे, पुन्हा चढावे, आणि प्रत्येक टेकाडावरून देऊळ पुढच्याच्या पलीकडे आहे असे सांगितले जाते. आम्हाला पाच तास लागले. दोन-अडीच तासांची पाचनईची वाट असताना दुर्बिणी आणि तिपाये घेऊन या बाजूने माणसे चढवण्याचे एकही कारण मला सापडलेले नाही. पाच तास चढलेला माणूस रात्री अकराला आकाशाकडे पाहत नाही, झोपतो. आमच्या बावीसपैकी अडीच वाजता उठले ते सहा जण.

दुर्बिणीचे २५० रुपये वर गेल्यावर वेगळे मागितले. जाहिरातीत ‘५२५ पट मोठे दाखवणारी’ असा उल्लेख होता. दुर्बीण ६० मिलिमीटर व्यासाची, ७०० मिलिमीटर नाभीय अंतराची (फोकल लेंथची) होती. तिला ४ मिलिमीटरचे नेत्रभिंग (आयपीस) आणि तिप्पट करणारे बार्लो भिंग लावले की ७०० भागिले ४ गुणिले ३, असे ५२५ कागदावर येतात. प्रत्यक्षात भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरमागे सुमारे दोन पट हीच उपयोगी मर्यादा असते, म्हणजे या दुर्बिणीला १२०. त्यापुढे चित्र मोठे होते, स्पष्ट होत नाही. काळवंडते आणि थरथरते. शिवाय तिचा तिपाया इतका हलका होता की रांगेतल्या कोणी पाय हलवला तरी तारा नेत्रभिंगातून पळून जाई. दुर्बिणीबद्दल विचारायचा पहिला प्रश्न व्यासाचा आणि दुसरा तिपायाचा. किती पट हे सांगणाऱ्याशी बोलणे तिथेच थांबवावे. न्यायाने एक सांगितले पाहिजे. २० मिलिमीटरचे नेत्रभिंग लावून, म्हणजे केवळ ३५ पटींनी, चंद्र पाहिला तेव्हा उजेड-अंधाराच्या सीमेवर कोपर्निकस विवराचा काठ झळकताना दिसला आणि ते २५० रुपये तेवढ्यापुरते वसूल झाले.

माहिती देणाऱ्या तरुणाने रात्री दहाच्या सुमारास पूर्वेकडे नुकताच वर आलेला व्याधाचा तारा दाखवून ‘सर्वांत तेजस्वी तारा, ध्रुव’ असे सांगितले. ध्रुव तेजस्वीपणात पन्नासाव्या क्रमांकाच्या आसपास येतो, पूर्वेला तो कधीच दिसत नाही, आणि ठिकाणाचे जितके अक्षांश तितकाच तो उत्तर क्षितिजाच्या वर असतो. हरिश्चंद्रगडाचे अक्षांश एकोणीसच्या थोडे पुढे आहेत. हात ताठ पुढे धरून वळलेली मूठ साधारण दहा अंश व्यापते. उत्तरेकडे तोंड करून दोन मुठी मोजाव्यात, तिथे एकटा, मध्यम तेजाचा जो तारा असेल तो ध्रुव. हे भाचीने तिथल्या तिथे मोजून दाखवले आणि तो तरुण नंतर आमच्याकडे फिरकला नाही.

अडीचनंतरचे मात्र मी कोणत्याही दराने पुन्हा विकत घेईन. देवळाच्या परिसरातून दक्षिणेचे आकाश दिसत नाही, कारण तारामतीचा डोंगर आडवा येतो, म्हणून आम्ही दिवसा पाहून ठेवलेल्या मोकळ्या कातळावर गेलो. कोकणकड्याच्या धारेपाशी रात्री अजिबात जाऊ नये. पश्चिमेला कल्याण-मुंबईचा पिवळट उजेड असल्याने तिथे काही विशेष दिसतही नाही. बॅटऱ्यांना लाल जिलेटिन कागद बांधला आणि वीस मिनिटे कोणी मोबाइल काढला नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला एवढा वेळ लागतोच, आणि एकदा पांढरा उजेड पडला की पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागते. मग एकेक वर येऊ लागले. दक्षिणेला, दोन मुठींपेक्षा किंचित खाली, शांत पांढरा अगस्त्याचा तारा. पश्चिमेकडे झुकलेला मृग, त्याच्या पोटातल्या तीन ताऱ्यांखाली द्विनेत्रीतून दिसणारा धुरकट ठिपका, म्हणजे सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ, जिथे आजही तारे जन्माला येत आहेत. आणि डोक्यावरचा पुष्य: नुसत्या डोळ्यांना कापसाचा पुसट बोळा, १० गुणिले ५० च्या, म्हणजे दहा पट दाखवणाऱ्या, ५० मिलिमीटर भिंगांच्या द्विनेत्रीतून मोहरीचे दाणे सांडावेत तसा तारकागुच्छ. भाची ‘मावशी, हलू नकोस’ म्हणून माझ्याच खांद्यावर कोपर टेकवून पाहत होती, आणि ज्या तिपायाने माझा सबंध चढ नासवला तो तंबूतच पडून होता.

म्हणून माझे मत असे की पहिल्या वर्षी दुर्बीण घेऊच नये. द्विनेत्री, लाल कागद, कानटोपी, आणि आडवे पडून पाहायला चटई एवढे पुरे. चारनंतर दव इतके पडले की द्विनेत्रीची भिंगे दर दहा मिनिटांनी धूसर होत होती. ती फडक्याने पुसू नयेत, न वापरताना स्वेटरच्या आत ठेवावीत. जेवणाचे पैसे आयोजकाला आधी देऊ नयेत. गडावरच्या गावकऱ्यांकडे १५० रुपयांत पोटभर पिठले-भाकरी मिळाली, आणि आमच्या २,९०० मध्ये धरलेले जेवणही त्यांच्याच चुलीवरून आले होते.

रविवारी केदारेश्वराची गुहा, देऊळ आणि पाचनईची उतरण झाली. सगळे ठीक होते. उतरताना मी घड्याळ लावले होते: एक तास पन्नास मिनिटे. पौष वद्य त्रयोदशीला आम्ही दोघी याच वाटेने पुन्हा चढणार आहोत, कोणाच्याही मोहिमेशिवाय, आणि या वेळी देवयानी पश्चिमेला उतरायच्या आत पाहण्यासाठी दिवस मावळण्यापूर्वी वर पोहोचणार आहोत.