अंथरुणातली पहिली काही मिनिटे

जाग आल्याबरोबर ताडकन उठायचे नाही, हा नेम आता अंगवळणी पडला आहे. गजर बंद केला की पांघरूण बाजूला सारायचे, उताणे पडायचे आणि उठण्याआधीची चार-पाच मिनिटे शरीराला द्यायची.

आज डोळे उघडतानाच डाव्या पोटरीत ओढ जाणवत होती, म्हणून पायांपाशी अधिक वेळ थांबले. झोपेत पाऊल बहुतेक वेळ खाली झुकलेले असते, त्यामुळे पोटरीचे स्नायू आणि टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा तळव्यातला जाड पट्टा रात्रभर आखडून राहतात. ज्यांची टाच दुखते त्यांना सकाळचे पहिले पाऊल सर्वांत जड जाते, ते यामुळेच. आळस देताना बोटे समोर ताणावीशी वाटतात, पण नेमका तेव्हाच पोटरीत गोळा येतो, कारण आधीच आखूड झालेला स्नायू आणखी आवळला जातो. म्हणून मी बोटे नडगीच्या दिशेने खेचते, टाच पुढे रेटते आणि २० ते ३० सेकंद तशीच थांबते, झटका न देता आणि श्वास न रोखता. आज दुसऱ्या खेपेला ती ओढ गुडघ्यामागून हळूहळू सुटत गेल्याचे स्पष्ट कळले. त्यानंतर घोटे दोन्ही बाजूंनी गोल फिरवले.

कंबरेच्या बाबतीत मात्र मी फार जपून वागते. आडवे पडल्यावर मणक्यांवरचा भार उतरतो आणि त्यांच्यामधल्या चकत्या रात्रभर पाणी शोषून फुगतात. आपली उंची सकाळी संध्याकाळपेक्षा साधारण १ ते २ सेंटिमीटर जास्त भरते, ती याच कारणाने. अशा फुगलेल्या चकत्यांवर पुढे वाकताना ताण अधिक येतो, आणि हा फुगवटा उठल्यानंतरच्या पहिल्या तासात बराच उतरतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनाट कंबरदुखी असलेल्यांना सकाळी कंबरेतून वाकणे टाळायला शिकवले गेले, आणि त्यांचे दुखणे कमी झाल्याचे आढळले. उठल्या उठल्या अंथरुणात बसून पायाचे अंगठे धरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला म्हणूनच मुळीच पटत नाही. गुडघे छातीशी ओढून धरायचे पवनमुक्तासनही मी संध्याकाळसाठी राखून ठेवले आहे. सकाळी दोन्ही गुडघे उभे करून ते जोडीने डावीकडे-उजवीकडे थोडेसेच झुकवायचे आणि मग पाठ गादीला हलकेच टेकवून सोडायची, इतके कंबरेला पुरते. गादी फार मऊ असेल तर शरीर आत रुतते आणि हे नीट साधत नाही. अशी गादी असणाऱ्यांनी ते जमिनीवर, थोड्या वेळाने केलेले बरे.

खांद्यांसाठी दोन्ही हात डोक्यामागे लांब नेऊन बरगड्या उघडेपर्यंत ताणते. बहुधा त्याच वेळी मोठी जांभई येते आणि ती मी दाबत नाही. मान फक्त उशीवरच या कुशीवरून त्या कुशीकडे सावकाश वळवते.

एवढे केल्यावर अंग मोकळे व्हायला हवे, आणि माझे होते. पण एखाद्याचे सांधे रोज सकाळी अर्धा-पाऊण तास उलटूनही आखडलेलेच राहत असतील, किंवा त्यांवर सूज दिसत असेल, तर त्याने ताणण्याचे प्रकार वाढवत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. संधिवाताची सुरुवात अशी होऊ शकते.

उठताना आधी कुशीवर वळते, पाय खाली सोडते आणि हातांच्या आधाराने बसते, म्हणजे कंबरेला हिसका बसत नाही. मग पलंगाच्या कडेवर मिनिटभर थांबते, कारण आडव्या स्थितीतून एकदम उभे राहिल्यास रक्तदाब क्षणभर घसरून डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. वयस्कर माणसांनी आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर हे थांबणे कधीच चुकवू नये. आज बसल्या बसल्या घोटे पुन्हा वरखाली हलवले, तळवे जमिनीला पूर्ण टेकवले आणि मगच उभी राहिले. डाव्या पोटरीने कुरकुर केली नाही.