आमची वाटचाल: सर्व्हरच्या मागच्या रिकाम्या सॉकेटपासून

आम्ही सर्व्हर बनवत नाही आणि विकतोही फार कमी. पुण्याजवळच्या भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यातल्या कारखान्यांचे, काही पतसंस्थांचे आणि एकदोन रुग्णालयांचे सर्व्हर चालू ठेवणं हा आमचा धंदा. २००५ च्या सुमारास सुरुवात केली ती साध्या एएमसीने, म्हणजे वार्षिक देखभाल कंत्राटाने. कॉम्प्युटर, प्रिंटर, कार्ट्रिज रिफिल, अँटिव्हायरस, टॅलीचा बॅकअप. तेच काम गल्लोगल्ली होतं, त्यामुळे दर मार्चला कुणीतरी थोडा कमी दर लावून आमचं एखादं कंत्राट उचलायचं.

मग कारखान्यांत ईआरपी (खरेदी, साठा, हिशोब एकत्र ठेवणारी प्रणाली) आली आणि तिच्याबरोबर सर्व्हर आले. स्टोअरच्या शेजारच्या खोलीत एक एसी, एक रॅक, त्यात एकदोन मशिन. ती बंद पडली की गेटवरचं डिस्पॅच थांबतं, चलन निघत नाही, ट्रक उभे राहतात. फोन रात्रीच यायचे, कारण तिसऱ्या पाळीत विचारायला दुसरं कुणी नसायचं. मोटरसायकल काढायची, मोशीवरून चाकणचा ट्रॅफिक फोडत जायचं आणि पोचून करायचं काय, तर पॉवरचं बटण दाबून धरायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. पेट्रोल आमचं, झोप आमची.

आमच्याकडचा सगळ्यात जुना इंजिनीअर मूळचा बार्शीचा. डिप्लोमा करून आलेला. त्याला मॅन्युअल वाचायची सवय होती, आणि या धंद्यात ती दुर्मीळ असते. सर्व्हरच्या मागे एक जादा लॅन सॉकेट असतं, काही मशिनवर त्याच्या बाजूला पान्याचं चित्र असतं. बहुतेक ठिकाणी ते रिकामंच, कधी त्यात रबरी बूच तसंच. त्याने त्यात केबल लावली, आयपी दिला आणि ऑफिसात बसून बंद असलेला सर्व्हर चालू करून दाखवला.

त्या सॉकेटमागे बीएमसी असतो, म्हणजे बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर (मुंबई महापालिका नव्हे). मदरबोर्डवरच बसवलेला हा एक छोटा स्वतंत्र कॉम्प्युटर. त्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी, स्वतःचं नेटवर्क. सर्व्हर बंद असला तरी पॉवर केबल भिंतीत आहे तोवर त्याला स्टँडबाय वीज मिळत राहते. कारखाना बंद असतानाही वॉचमन जागा असतो, तसा तो. आय-टू-सी या दोन तारांच्या बसवरून तो तापमान, व्होल्टेज, पंख्यांचे फेरे, पॉवर सप्लाय यांची खबर घेत राहतो. विंडोज हँग झालं, हार्डडिस्क गेली, तरी याचं काम चालूच. आज बऱ्याच कंपन्यांच्या सर्व्हरवर ही चिप तैवानच्या ॲस्पीडची असते. बाहेरचं स्टिकर वेगळं, आतला वॉचमन एकाच एजन्सीचा.

आमच्यासारख्या छोट्या फर्मला फायदा झाला तो या चिपशी बोलायची भाषा सगळ्यांनी मिळून ठरवली होती म्हणून. इंटेल, एचपी, डेल आणि एनईसी यांनी १९९८ मध्ये आयपीएमआय हे प्रमाण आणलं. २००१ च्या १.५ आवृत्तीत ते लॅनवरून चालू लागलं, २००४ च्या २.० मध्ये एन्क्रिप्शन आणि सिरियल ओव्हर लॅन (सर्व्हरचा मजकुरी पडदा नेटवर्कवरून दाखवायची सोय) आलं. यूडीपी ६२३ हा पोर्ट, आयपीएमआयटूल नावाचं फुकट साधन, आणि चार-पाच आज्ञा. पॉवर चालू, पॉवर बंद, सेन्सरची यादी, घटनांची नोंदवही. एका ब्रँडचे अधिकृत डीलर नसताना सगळ्या ब्रँडचे सर्व्हर सांभाळता आले, ते यामुळेच. प्रत्येक कंपनीचं स्वतःचं साधन आणि प्रशिक्षण घ्यायला आमच्याकडे ना पैसा होता ना माणसं.

दूरवरून मशिन चालू-बंद करणं ही सोय झाली. खरं उत्पन्न आलं ते नोंदवहीतून. तिला एसईएल म्हणतात, सिस्टिम इव्हेंट लॉग. ग्राहक सांगतो “दादा, काल काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं”, आणि एसईएल सांगतो नेमकं काय झालं. एका डायकास्टिंगवाल्याकडे दुसरा पॉवर सप्लाय रोज रात्री एकाच सुमारास मेल्याची नोंद यायची आणि सकाळी तो पुन्हा जिवंत व्हायचा. मशिनला दोन सप्लाय, म्हणून काम थांबत नव्हतं, कुणाला पत्ता नव्हता. प्रत्यक्ष पाहिलं तर दुसरी केबल यूपीएसवर नव्हतीच. ती भिंतीवरच्या साध्या बोर्डात होती आणि ऑफिसचे दिवे बंद करताना वॉचमन तो स्विचही खाली करायचा. दुसरीकडे रविवारी आत येणाऱ्या हवेचं तापमान चढायचं, कारण बिल वाचवायला सुट्टीच्या दिवशी एसी बंद. १८ ते २७ अंश सेल्सिअस ही ॲशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेने सुचवलेली मर्यादा. मालकांना तिचा कागद दाखवून काही होत नाही, रविवारचा आलेख दाखवला की होतं.

मेमरीचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. सर्व्हरच्या ईसीसी रॅममध्ये एक बिट बिघडला तर मशिन स्वतःच दुरुस्त करून पुढे जातं, फक्त नोंद ठेवतं. एकाच स्लॉटची अशी नोंद वारंवार येऊ लागली की ती पट्टी जाणार हे धरून चालायचं. आमच्या भागात बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. पट्टी मागवून गुरुवारी दुपारी बदलली की शुक्रवारी कुणाला काही झाल्याचं कळतही नाही. इथे एक धंद्याची अडचण आहे, ती सांगतो. जे बिघडलंच नाही त्याचं बिल ग्राहकाला पटत नाही. म्हणून आम्ही दर महिन्याला एक पानी अहवाल पाठवू लागलो, मराठीत, त्यात एसईएलच्या नोंदी साध्या वाक्यांत. कंत्राट टिकण्याचं ते सर्वात मोठं कारण ठरलं, तांत्रिक हुशारी त्यानंतर.

आणखी एक छोटी आज्ञा आमची लाडकी आहे: ओळख पटवण्याचा निळा दिवा. रॅकमध्ये एकसारखी चार मशिन असली की फोनवर अकाउंटंटला “वरून तिसरं” सांगणं धोक्याचं. आज्ञा दिली की नेमक्या मशिनचा दिवा लुकलुकतो, आयपीएमआयटूलमध्ये आपणहून पंधरा सेकंद. “ताई, निळा दिवा लागलाय त्याचीच केबल काढा.” वॉचडॉग टायमर मात्र आम्ही जपून वापरतो. ऑपरेटिंग सिस्टिमने ठरल्या वेळात हजेरी लावली नाही की बीएमसी मशिन आपणहून रीसेट करतो. पतसंस्थेच्या शाखेतल्या लहान मशिनला ते ठीक. डेटाबेस चालणाऱ्या सर्व्हरला नको, नुसतं ओझं वाढून हजेरी चुकली तरी तो मधेच तोडेल.

प्रमाण म्हटलं म्हणजे सगळं सारखं, असा समज कुणी करून घेऊ नये. आत येणाऱ्या हवेच्या सेन्सरला एक कंपनी इनलेट म्हणते, दुसरी ॲम्बियंट, तिसरी नुसतं सिस्टिम टेम्प. आमच्या इंजिनीअरने नावांची एक एक्सेल फाइल केली होती, ती आज आमची मालमत्ता आहे. पंख्यांची गंमत तर विचारू नका. कुणी आवाज कमी व्हावा म्हणून हळू फिरणारे पंखे बसवतो. फेरे किमान मर्यादेखाली जातात, बीएमसीला वाटतं पंखा मेला, तो सगळे पंखे पूर्ण वेगाने सोडतो. फेरे वाढले की समाधान होऊन पुन्हा हळू करतो. दिवसभर खोलीत विमान उडतं आणि उतरतं. मर्यादा खाली आणल्या की शांतता. मात्र पंख्यांचा वेग थेट ठरवायच्या आज्ञा प्रत्येक कंपनीच्या खासगी, आकड्यांतल्या, प्रमाणाच्या बाहेरच्या.

२०१३ हे वर्ष आमच्या कामाची पद्धत बदलणारं ठरलं. डॅन फार्मर या सुरक्षा संशोधकाने आयपीएमआयची दुखणी उघड केली आणि जुलैमध्ये अमेरिकेच्या यूएस-सर्ट या सरकारी सायबर सुरक्षा पथकाने इशारा काढला. सायफर झिरो नावाचा पर्याय चालू असेल तर पासवर्ड न तपासताच आत प्रवेश. तो बंद तरी करता येतो. दुसरं दुखणं प्रमाणातच आहे: लॉगिन पूर्ण होण्याआधीच बीएमसी पासवर्डपासून काढलेला हॅश (पासवर्डचा सांकेतिक ठसा) विचारणाऱ्याला देतो, मग तो घरी नेऊन निवांत फोडता येतो. हे नियमातच लिहिलेलं असल्याने पॅच करून जात नाही. त्यात बरेच सर्व्हर कारखान्यातूनच जगजाहीर पासवर्ड घेऊन यायचे. तेव्हापासून आमचा नियम: बीएमसीला वेगळा व्हीलॅन (बाकीच्यांपासून तोडलेलं नेटवर्क), इंटरनेटवर कधीच नाही, यायचं तर व्हीपीएन या सुरक्षित जोडणीतून. काही मशिनमध्ये खास पोर्टला केबल नसली की बीएमसी आपणहून पहिल्या साध्या लॅन पोर्टवर जाऊन बसतो. ग्राहक म्हणतो आम्ही ते वापरतच नाही, आणि तो ऑफिसच्या नेटवर्कवर उघडा बसलेला असतो. ते सेटिंग आम्ही पहिल्याच भेटीत बदलतो. एका मोठ्या ग्राहकाला बीएमसी पब्लिक आयपीवरच हवा होता, कारण बाहेरच्या सॉफ्टवेअरवाल्यांना सोपं पडतं. ते कंत्राट आम्ही घेतलं नाही. त्या वर्षी ते जड गेलं, तरी आजही तसंच करेन.

मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमचे सगळे घरी, कारखाने बंद, पण पगार, जीएसटी आणि बँकेची कामं चालूच. भोसरीला जायला पास मिळवण्यातच दिवस जायचा. ज्यांच्याकडे बीएमसी नीट लावलेला होता त्यांचं काम एकदाही थांबलं नाही. एका ठिकाणी ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकायची होती. व्हर्च्युअल मीडियाने आपल्या लॅपटॉपवरची आयएसओ फाइल सर्व्हरला डीव्हीडी म्हणून दाखवता येते, पण घरच्या ब्रॉडबँडच्या अपलोडवर ते रात्रभर चालून मधेच तुटतं. म्हणून फाइल तिथल्याच नॅसवर (नेटवर्कवरच्या साठवणीच्या पेटीवर) ठेवली आणि बीएमसीला तिथून उचलायला सांगितली. जुन्या मशिनचा कन्सोल (सर्व्हरचा पडदा दूरवरून दाखवणारी खिडकी) जावावर चालतो आणि नव्या जावाला तो मंजूर नसतो, त्यासाठी एक जुना लॅपटॉप आम्ही अजून सांभाळून आहोत. तो इंटरनेटला जोडायची परवानगी कुणालाही नाही. कन्सोलचं लायसन्स घेतलेलंच नसेल तर सिरियल ओव्हर लॅन कामी येतं. लिनक्समध्ये सिरियल कन्सोल आधीच चालू करून ठेवला की काळ्या पडद्यावर सगळं दिसतं, एक रुपया न भरता.

एप्रिल २०२२ च्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या आदेशाने लॉग १८० दिवस ठेवणं आणि घड्याळं जुळवणं आलं. बीएमसीचं घड्याळ ही स्वतंत्र भानगड. कुठे ते यूटीसीत (जागतिक प्रमाण वेळेत), कुठे आपल्या वेळेत. दोन नोंदींत साडेपाच तासांचा फरक दिसला की आमची पोरं हसतात. शिवाय एसईएलची जागा मर्यादित. भरला की काही मशिनमध्ये नव्या नोंदी घेणंच थांबतं. त्यामुळे आम्ही तो रोज ओढून आमच्या सर्व्हरवर ठेवतो.

आता काम आयपीएमआयकडून रेडफिश या नव्या प्रमाणाकडे सरकलंय. डीएमटीएफ या संस्थेने ऑगस्ट २०१५ मध्ये पहिली आवृत्ती काढली. एचटीटीपीएसवरून जायचं, उत्तर जेसन या मजकुरी साच्यात. नव्या मुलांना ते एका आठवड्यात जमतं, कारण वेबचं काम त्यांना येतंच. आयपीएमआयचे हेक्साडेसिमल आकडे समजायला आम्हाला वर्षं लागली. पण इथेही एकाच वस्तूचा पत्ता प्रत्येकाकडे वेगळा: सिस्टिमला कुणी नुसतं १ म्हणतं, कुणी सेल्फ, कुणी सिस्टिम एम्बेडेड १. नियम असा की पत्ता पाठ करायचा नाही, मुळापासून दुव्यांवरून चालत जायचं. तापमानाची माहिती आधी थर्मलमध्ये होती, पुढे थर्मल सबसिस्टिम आलं, आणि ग्राहकांकडे दोन्ही पिढ्यांची मशिन उभी आहेत. आमच्या स्क्रिप्टना दोन्ही विचारावं लागतं.

रेडफिश आलं म्हणून कुलपं आपोआप मजबूत झाली असंही नाही. मार्च २०२५ मध्ये एएमआय कंपनीच्या मेगारॅक या बीएमसी फर्मवेअरमधली (चिपमधल्या सॉफ्टवेअरमधली) त्रुटी जाहीर झाली, रेडफिशच्याच दारातून लॉगिन टाळता येणारी. जूनमध्ये अमेरिकेच्या सीसा या सायबर सुरक्षा संस्थेने ती प्रत्यक्ष गैरवापर होत असलेल्या त्रुटींच्या यादीत घातली, बीएमसीची अशी पहिलीच. मेगारॅक अनेक कंपन्यांच्या मशिनमध्ये असतं, त्यामुळे आम्हाला स्टिकर सोडून फर्मवेअरप्रमाणे यादी करावी लागली. ज्या जुन्या मशिनना नवं फर्मवेअर मिळणारच नाही, त्यांच्या व्हीलॅनचं दार आणखी अरुंद केलं.

आज आम्ही सात-आठ जण आहोत. प्रिंटरचं काम सोडलं. सर्व्हर घेताना ग्राहक आधी आम्हाला विचारतात, आणि आम्ही खरेदी ऑर्डरमध्ये काही गोष्टी लिहून घेतो: बीएमसीचं स्वतंत्र पोर्ट, रेडफिश, कन्सोलचं लायसन्स किमतीतच, आणि फर्मवेअर किती वर्षं मिळणार ते लेखी. पहिल्या तिन्हींना विक्रेते लगेच हो म्हणतात. चौथ्यावर फोन करतो म्हणून सांगतात, आणि बहुतेक वेळा परत फोन आम्हीच करतो.