चुडा भरलेल्या हातांनी कॅमेरा : सातारा जिल्ह्यातलं देवदर्शन

लग्नानंतरच्या देवदर्शनाचा बेत घरात आखला जातो तो अंतराच्या हिशेबानं. आधी कुलदैवत, मग वाटेवर लागतील ते देव, आणि दिवेलागणीला घर. कुलदैवत पहिलं, यात बदल नाही. पण पुढचा क्रम उजेड बघून लावला तर तेवढ्याच डिझेलमध्ये फोटो कितीतरी बरे येतात. मी लग्नाचे फोटो काढते आणि या मार्गशीर्षात आमचंच लग्न झालं, तेव्हा हे सगळं दोन्ही बाजूंनी लिहिते आहे.

आधी चुड्याचं. दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या असल्या की उजवीकडच्या ग्रिपवर घासतात, डावीकडच्या झूमच्या रिंगवर येऊन बसतात, आणि व्हिडिओ चालू असेल तर माइकमध्ये गोंधळ्याच्या संबळापेक्षा बांगड्याच जास्त वाजतात. बांगड्या कोपराकडे सरकवायच्या आणि मनगटाशी केसांचा मऊ कापडी रबर घालायचा, म्हणजे त्या खाली उतरत नाहीत. तरी एखादी वाढतेच. (फुटली म्हणायचं नाही, सासूबाई शेजारी असतील तर नक्कीच नाही; वाढवली म्हणायचं.) तिचा बारीक तुकडा कॅमेऱ्याच्या बॅगेत पडला तर लेन्सच्या काचेवर चरा उठतो, म्हणून रात्री बॅग रिकामी करून उलटी झटकावी. गळ्यात लटकवायचा पट्टा मंगळसूत्रात अडकतो आणि वाट्या मागच्या स्क्रीनवर घासतात. पट्टा तिरका घ्यावा, पदराच्या आतून, आणि स्क्रीनला गार्ड लावलेला असावा.

सामान कमी ठेवावं. एक बॉडी, २४–७० झूम, ३५ मिमीची एफ १.८ लेन्स, दोन जादा बॅटऱ्या, ६४ जीबीची दोन कार्डं, रबरी ब्लोअर, मऊ ब्रश, एक पारदर्शक प्लॅस्टिक पिशवी आणि रबरबँड. ट्रायपॉड गाडीत असू दे, तो दुसऱ्या दिवशी लागतो.

पहिला दिवस पालचा. साताऱ्याहून कराडच्या बाजूला महामार्गानं जाऊन काशीळपाशी आत वळलं की तारळी नदीच्या काठी पालचा खंडोबा. पौषात इथे खंडोबा-म्हाळसेच्या लग्नाची यात्रा भरते. तेव्हाची गर्दी फोटोग्राफरसाठी छान आणि शालू नेसलेल्या नवरीसाठी अजिबात छान नाही. साध्या दिवशी सकाळी साडेसात-आठपर्यंत पोहोचावं. डिसेंबरात इकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. तिरपं ऊन तासा-दीड तासात सरळ व्हायला लागतं, आणि भंडारा दिसतो तो तिरप्या उन्हातच.

भंडारा म्हणजे हळदीची पूड, पिठापेक्षा बारीक. झूम लेन्स पुढे-मागे सरकताना आत हवा ओढते आणि हवेबरोबर भंडाराही. म्हणून मंदिराच्या आवारात शिरायच्या आधी गाडीतच २४–७० लावावी आणि बाहेर येईपर्यंत काढू नये. पिशवीला लेन्सच्या तोंडाएवढं भोक पाडून ती हूडला (लेन्सच्या तोंडावरच्या कड्याला) रबरबँडनं बांधायची आणि मागच्या बाजूनं हात आत घालायचा. दिसायला गबाळं दिसतं, नातेवाईक हसतात, हसू देत. दर्शनानंतर आधी ब्लोअर, मग ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. आधीच कापडानं पुसलं तर पुडीतला खरखरीत कण काचेवरून फिरतो. पदराच्या टोकानं पुसणं तर विसराच, त्याला जर असते.

एक्स्पोजरची, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा त्याची, गंमत अशी, की पिवळा रंग लाल आणि हिरव्या चॅनलमध्ये भरतो, निळा रिकामा राहतो. साध्या पांढऱ्या हिस्टोग्राममध्ये (स्क्रीनवरच्या उजेडाच्या आलेखात) सगळं ठीक दिसतं आणि घरी येऊन बघावं तर लाल चॅनल फाटलेला, भंडाऱ्याच्या जागी सपाट पिवळा डाग. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम चालू करावा आणि एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली आणावं (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). ऑटो व्हाइट बॅलन्सही इथे फसतो: चौकटभर पिवळं दिसलं की तो निळं ओततो आणि माणसांचे चेहरे राखेसारखे होतात. उजेडाच्या रंगाचा आकडा ५२०० केल्विनवर पक्का करून टाकावा. रॉमध्ये (रंग नंतर बदलता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये) काढत असलात तरीही, कारण जागच्या जागी स्क्रीनवर नीट दिसलं नाही तर माणूस नको तिथे एक्स्पोजर बदलत बसतो.

सगळ्यात चांगली संधी तळी भरताना. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याची वाटी, भंडारा. विषम संख्येनं माणसं गोल बसतात आणि ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणत ताम्हण उचलतात. आमच्याकडे तीनदा उचलतात, आणि तीनदा म्हणजे तीन संधी. पहिल्या वेळी फक्त एक्स्पोजर बघावं. दुसऱ्या वेळी ताम्हण किती उंच जातं ते बघून चौकट ठरवावी, वरची जागा नेहमी कमी पडते. तिसऱ्या वेळी भंडारा उधळला जातो, तेव्हा १/१००० शटर आणि सलग फोटो. उभं राहून काढलं तर नुसती डोकी आणि टोप्या येतात. गुडघ्यावर बसावं, २४ मिमीवर, आणि पूड उडेल त्याच्या मागे काहीतरी काळोखं असावं: दाराची सावली, काळा दगड. मागे पांढरं आकाश आलं की भंडारा असून नसल्यासारखा. गाभाऱ्यात कॅमेरा काढायच्या आधी पुजाऱ्यांना विचारावं, नाही म्हणाले तर बॅगेत ठेवावा.

शालूवर भंडारा पडणारच. कोरडाच झटकावा. पाणी लावलं की डाग बसतो, आणि साबण लावला तर अल्कलीमुळे हळद लाल होते. मग घरात सगळे विचारतात कुंकू कुठे सांडलं.

रात्री घरी जागरण. पाच उसांचा मांडव, खाली चौक, कलश, दिवटी. इथे ३५ मिमीची लेन्स, एफ १.८, १/१००, आयएसओ (कमी उजेडात वाढवायची कॅमेऱ्याची संवेदनशीलता) ३२०० ते ६४००. शटर १/१००च का? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात. १/१०० किंवा १/५० ठेवलं की फोटोत आडवे पट्टे येत नाहीत, १/१६० किंवा १/२५० ला स्वस्त एलईडीखाली हमखास येतात. त्यापेक्षा बरं म्हणजे मांडववाल्याचा पांढरा हॅलोजन अर्धा तास बंद करायला लावणं. नुसत्या दिवटीच्या उजेडात वाघ्याचा चेहरा जो दिसतो तो दिसतो. केल्विन ३०००च्या आसपास ठेवावं. पूर्ण दुरुस्त करायला जाऊ नये, दिवटीचा उजेड पांढरा दिसला तर मग ती दिवटी कसली. लंगर तोडायची वेळ वाघ्याला आधी विचारून ठेवावी. साखळी तुटते त्या एका झटक्यासाठी तरी शटर १/५०० हवं, तेव्हा पट्टे आले तरी चालतील.

दुसरा दिवस देवांचा कमी आणि दगडांचा जास्त. घरात सगळ्यांचा आग्रह असतो सकाळी सकाळी लिंबला जाऊ, मग उन्हाच्या आधी वाई. हे उलटं करावं. लिंबची बारा मोटांची विहीर भर दुपारी बघायची असते.

विहीर १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडून लांबट भाग, मधे महाल. वरून पाहिलं तर शिवलिंगासारखा आकार. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट. आता हिशेब करा. डिसेंबरात साताऱ्याला भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून साधारण ४९ अंशांवरच असतो. ५० फुटांच्या तोंडातून या कोनात आलेलं ऊन समोरच्या भिंतीवर ५७-५८ फुटांपर्यंत उतरतं, त्याखाली नाही. सकाळी आठ-नऊला तर ते काठाच्या खाली थोडंसंच येतं आणि आत नुसता गारठा. मध्यान्ह इथे बारा वाजता नसते, डिसेंबरात ती साडेबाराच्या आसपास. तेव्हा उन्हाची धार भिंतीवरून सगळ्यात खाली येते. ऊन पार तळापर्यंत हवं असेल तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात यावं, त्या सुमाराला सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. पण मेमध्ये शालू नेसून कोण येतंय.

वर लख्ख आकाश आणि आत काळोख, एका फोटोत दोन्ही मावत नाहीत. ट्रायपॉडवर तीन फोटो काढावेत, एकेकात दोन स्टॉपचा फरक, आणि घरी जोडावेत. माणूस असेल तर जोडणं सोडा, तो हलतो. त्यापेक्षा जिन्याच्या कमानीत बाहेरच्या बाजूला तोंड करून उभं राहावं: समोरचं ऊन पडलेलं दगड आरशासारखं उजेड परत फेकतं आणि चेहऱ्यावर सावली पडत नाही. नवऱ्याला तिथे उभं केलं तर ‘हस ना जरा’ म्हणावं लागलं, बाकी उजेडानं केलं. दारावरची शरभशिल्पं बाजूनं येणाऱ्या उजेडातच उठून दिसतात, फ्लॅश मारला की सपाट. पायऱ्यांवर शेवाळ असतं, कोल्हापुरी चपला घसरतात. काठावर उभं राहून मागे सरकत चौकट शोधू नये, हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण आहे.

तिथून वाई. ढोल्या गणपती १७६२चा, गणपतराव रास्त्यांनी बांधलेला. मंदिराची मागची भिंत माशाच्या आकाराची, कृष्णेच्या पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. बहुतेकजण दर्शन घेऊन पुढूनच परततात. मागे जाऊन ती भिंत जरूर बघावी. मेणवली तीन-चार किलोमीटरवर: नाना फडणवीसांचा वाडा, मागे घाट, आणि घाटावरच्या छोट्या देवळात वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा. चार ते सहा ही वेळ इथली. घाटाच्या पायऱ्या काळ्या, साडी भरजरी, कॅमेरा काळ्याला राखाडी करायला बघतो आणि जर पांढरी होऊन जाते; एक स्टॉप खाली आणावं. प्री-वेडिंगवाल्यांची इथे रांग असते. धुराच्या नळकांड्या आणि उडते गाऊन चालू असतील तर वरच्या पायऱ्यांवर जाऊन बसावं, सहा वाजता ते जातात आणि निळा उजेड दहा-पंधरा मिनिटं नुसता आपला असतो.

परतताना अंधार होतो. हंगाम उसाचा, ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या मागच्या दिव्याशिवाय चाललेल्या असतात, बैलगाड्यांना तर रिफ्लेक्टरही नसतो. वेग कमी ठेवावा. पेढे साताऱ्यात घ्यावेत, कंदी.

आता फोटोत स्वतः कसं यायचं ते. फोटोग्राफर नवरी असली की अल्बममध्ये नवरा प्रत्येक देवळासमोर एकटाच उभा. सासूबाईंनी स्क्रीनवर बघून विचारलंच, “अगं, ह्यात तू कुठं हाईस?” रिमोटनं काढलेले फोटो ताठ येतात, दोघांचं लक्ष कॅमेऱ्याच्या लाल दिव्याकडे. दिराच्या हातात कॅमेरा द्यावा, पण सगळं लावून: एफ ५.६, १/२५०, आयएसओ ऑटो, फोकस चेहऱ्यावर, झूम ३५ वर ठेवून त्यावर चिकटपट्टी. त्याला एवढंच सांगायचं, की पाय कापू नकोस आणि बटण दाबून धर. प्रत्येक ठिकाणी पोहोचल्यावर हे पहिल्यांदा करावं, शेवटी नाही. शेवटी सगळ्यांना भूक लागलेली असते.

महिन्याभरात पहिली संक्रांत येते आणि वरचे सगळे आकडे पुन्हा उलटतात. काळी साडी, वर पांढऱ्या हलव्याचे दागिने: याहून अवघड जोडी कॅमेऱ्यापुढे येत नाही. मीटर साडी बघतो आणि हलवा जाळून टाकतो. मोजमाप हलव्यावर घ्यावं, स्पॉट मीटरनं (चौकटीतला एकच ठिपका मोजणाऱ्या), आणि तिथून दीड स्टॉप वर. साडी काळी राहिली तर राहू दे, काळीच आहे ती. हलव्याचा काटा दिसला नाही तर तो साबुदाण्याचा हार वाटतो, आणि काटा दिसतो तो खिडकीच्या एका बाजूच्या उजेडातच. खिडकीपासून तीन-चार फुटांवर, खिडकी डाव्या किंवा उजव्या खांद्याशी, घरातले दिवे बंद. फोटो हळदीकुंकवाच्या आधी उरकावेत, अकराच्या सुमारास. नंतर घरात पंचवीस बायका, चहाची वाफ आणि घाम; साखर ओलावा ओढते, मानेपाशी हार चिकट होतो, सुटा झालेला हलवा साडीवर पांढरी रेघ मारतो. सूर्यासारखे तापणारे व्हिडिओचे दिवे लावले तर अर्ध्या तासात हेच होतं. कंबरपट्टा सगळ्यात जड, दोरा तिथेच तुटतो. सुई आणि पांढरा दोरा जवळ असावा. दागिने काढल्यावर कोरड्या घट्ट डब्यात, तळाला मूठभर तांदूळ टाकून. उघडे ठेवले तर सकाळी मुंग्या, आणि बिंदीचा फोटो काढायचा राहिला असेल तर तो राहिलाच.