तालीम, गुऱ्हाळ, खिद्रापूर: दोन लेन्स आणि एका फ्लॅशवर कोल्हापूर

जानेवारीत गुऱ्हाळं पेटलेली असतात आणि हवा कोरडी असते, म्हणून फोटोंची फेरी याच महिन्यात ठेवली. मुक्काम गंगावेशीजवळ, वेळ दोन दिवस. सामान असं: एपीएस-सी या लहान सेन्सरचा कॅमेरा, ३५ मिमी एफ १.८ आणि १७-५० एफ २.८ या लेन्स (एफ म्हणजे लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं), गोडॉक्सचा टीटी६०० फ्लॅश आणि त्याचा ट्रिगर. ७०-३०० पण होती, ती दोन्ही दिवस बॅगेतून बाहेर आली नाही. पक्षी टिपायचे नसतील तर ते ओझं घरीच बरं.

पहिली जागा तालीम. मेहनत पहाटेच सुरू होते. आदल्या दिवशी वस्तादांना भेटून विचारून ठेवायचं, चपला बाहेर काढायच्या आणि हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, कडेला एकच जागा धरून बसायचं. आत दोन-चार ट्यूबलाईट आणि कौलांतून येणारा उजेड, एवढाच प्रकाश. इथे कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स हात टेकते. १८-५५ ही ३५ मिमीला एफ ४.५ च्या आसपासच उघडते, म्हणजे १.८ च्या मानाने जेमतेम सहावा हिस्सा प्रकाश आत येतो. एफ २, शटर १/३२० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० वर काम झालं. हेच किट लेन्सने करायचं तर आयएसओ १६००० लागला असता आणि अंगावरच्या मातीचे कण नॉईजमध्ये, म्हणजे फोटोतल्या खरखरीत दाण्यांत, विरघळले असते.

स्वस्त म्हणून बरेच जण ५० मिमी एफ १.८ घेतात. तालमीत ती अडचणीची ठरते, आणि त्यामागे साधा हिशोब आहे. सेन्सरची रुंदी साडेतेवीस मिमी. तीन मीटरवरून ३५ मिमीच्या चौकटीत दोन मीटर रुंदी मावते, ५० मिमीच्या चौकटीत एक मीटर चाळीस सेंटीमीटर. झोंबी घेतलेले दोन पैलवान दोन मीटरमध्ये बसतात. ५० वर ढाक (फेकीचा डाव) लागली की कुणाचा तरी पाय कापला जातो. मागे सरकावं तर पाठीला भिंत. फुल फ्रेमवाल्यांना, म्हणजे मोठा सेन्सर असलेल्यांना, मात्र ५० चालेल.

तालमीत फ्लॅश काढूच नका. डाव चालू असताना डोळ्यांवर उजेड मारणं पैलवानाला धोक्याचं आहे, आणि काळवंडलेल्या कौलांवरून फ्लॅश उसळी घेत नाही. अशा उसळीला, म्हणजे बाऊन्सला, तीनेक मीटर उंचीचं पांढरं छत लागतं. दुसरा घोळ जुन्या चोकच्या ट्यूबांचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. १/५०० वर सलग काढलेल्या दहा फ्रेमपैकी चार अंधाऱ्या आणि पिवळट येतात. कॅमेऱ्यात ही लुकलुक टाळणारी अँटी-फ्लिकर सोय असेल तर चालू करा. नसेल तर पकड धरून थांबलेले क्षण १/१०० वर घ्या आणि झटापट कौलांतून येणाऱ्या उजेडात येईल तेव्हा वेग वाढवा. सायलेंट शटर बंद ठेवा, नाहीतर फोटोवर आडवे पट्टे उमटतात. लाल मातीमुळे ऑटो व्हाईट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप लावलेला रंगांचा तोल) फसतो, कातडी निळसर पडते. ग्रे कार्डवर (करड्या रंगाच्या पुठ्ठ्यावर) एकदा बॅलन्स पक्का करून रॉ फाईलमध्ये काढा. लेन्स बदलायची असेल तर रस्त्यावर येऊन बदला. ती माती पिठासारखी बारीक असते.

दुपारी गुऱ्हाळ, आणि फ्लॅशची खरी परीक्षा इथे. काहिलीवरची (रस उकळायच्या मोठ्या कढईवरची) वाफ म्हणजे हवेत तरंगणारे थेंब. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मारला की सगळ्यात जवळचे थेंब सगळ्यात जास्त उजळतात आणि गूळ करणारा गुळव्या पांढऱ्या पडद्यामागे जातो. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवा, काहिलीच्या पलीकडे बाजूला स्टँडवर लावा आणि कॅमेऱ्याकडे तिरका वळवा. तीच वाफ मग कडेने उजळते, मागे काजळीची काळी भिंत असल्याने तिचा आकारही दिसतो.

ताकद किती ठेवायची ते खोक्यावरच्या ६० या गाईड नंबरवरून (फ्लॅशच्या जोराचा आकडा; त्याला अंतराने भागलं की एफ मिळतो) काढू नका. तो आकडा फ्लॅशचं हेड २०० मिमीच्या झूमला असतानाचा असतो. ३५ मिमीला तो साधारण ३६ धरावा. आयएसओ ८०० ला तो शंभरपर्यंत चढतो, १/३२ ताकदीला अठरावर उतरतो. चुलवाणाच्या (काहिलीखालच्या भट्टीच्या) ज्वाळेशी रंग जुळावा म्हणून लावलेला अर्धा नारिंगी जेल (फ्लॅशवरचा रंगीत पारदर्शक कागद) आणखी थोडा प्रकाश खातो, चौदा उरतात. भागिले तीन मीटर अंतर: एफ ४ आणि ५.६ च्या मधलं छिद्र. एफ ४ वरून सुरुवात करून स्टँड जरा मागे घ्या. शटर १/१२५, म्हणजे जाळव्याने (भट्टी पेटती ठेवणाऱ्याने) चिपाड सारलं की ज्वाळाही फोटोत उतरते. काहील वाफ्यात (गूळ निववायच्या हौदात) ओततात तो क्षण एकदाच येतो. आधी रिकाम्या वाफ्यावर दोन चाचण्या घ्या.

आत शिरल्याशिरल्या लेन्सवर धुकं धरतं. कॅमेरा बंद बॅगेतच पंधरा-वीस मिनिटं आत गरम होऊ द्या, मग काढा. पुसत बसलात तर परत धरतं आणि वर राख चिकटते. फ्लॅशमध्ये चांगले रिचार्जेबल निकेलचे चार सेल घाला. घड्याळाचे साधे सेल दहा-बारा फ्लॅशनंतर दम टाकतात. ट्रिगर आपल्या कॅमेऱ्याच्या ब्रँडला चालणारा घ्यावा लागतो, मॅन्युअल फ्लॅश मात्र ट्रिगरवरून कुठल्याही ब्रँडशी चालतो. कुणी रोलच्या काळातला फ्लॅश फुकट देऊ केला तर जपून. काहींच्या कॅमेऱ्यात बसणाऱ्या पायावर दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि डिजिटल कॅमेऱ्याचं सर्किट जळू शकतं. ज्या गावात चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा बनवला, तिथे हे सांगावं लागणं जरा गमतीचंच.

संध्याकाळी रंकाळा. माणूस आणि मागचं आभाळ दोन्ही हवं असेल तर आधी आभाळाचं एक्स्पोजर लावा, मग फ्लॅश. शटर सिंकच्या (फ्लॅशशी जुळणाऱ्या कमाल वेगाच्या) वर, म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० च्या पुढे नेलं तर चौकटीत काळी पट्टी येते. अंबाबाईच्या गाभाऱ्यात कॅमेरा नेता येत नाही, किरणोत्सव (मावळतीची किरणं मूर्तीवर येतात तो सोहळा) मनात धरून लेन्स घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर, कुरुंदवाडवरून, साधारण ६० किलोमीटर. सकाळी आठला पोचायचं, कारण बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्तींना तिरपं ऊन तेव्हाच मिळतं. दगडाचा उठाव समोरच्या फ्लॅशने सपाट होतो. ४८ खांबांच्या, छताला मधोमध गोल उघडा भाग असलेल्या स्वर्गमंडपात कॅमेरा रंगशिळेवर (त्या गोलाखालच्या गोल शिळेवर) पाठीवर झोपवा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) फरकाने तीन फ्रेम घ्या; वरच्या गोलातलं आभाळ आणि खांब एका फ्रेममध्ये सांभाळत नाहीत. १७ मिमीवर गोल येतो, भोवतालच्या खांबांचं कडं नीट यायला १०-१८ लागते. एखादी रुंद लेन्स भाड्याने आणायची तर ती या एका दिवसासाठी आणा. जानेवारीत सूर्य दक्षिणेला कललेला, म्हणून भर दुपारीही उन्हाचा गोल रंगशिळेवर न पडता उत्तरेकडे सरकतो. तो मधोमध हवा असेल तर मे महिन्याचा पहिला आठवडा, शून्य सावलीच्या (सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या दिवसाच्या) आसपास. ट्रायपॉडला परवानगी लागते, ती आधीच काढा.

परतताना जोतिबाला जाणाऱ्यांनी एकच लेन्स लावून जावं आणि कॅमेऱ्यावर पावसाळी कव्हर चढवावं. उतरल्यावर गुलाल आधी मऊ ब्रशने झटका, मग हातपंपाने फुंका. ओलं फडकं सगळ्यात शेवटी. आधी लावलंत तर गुलाबी रंग झूमच्या रबरात कायमचा बसतो.